दुव्यांचं वजन

नोव्हेंबर १९९७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांनी एक साधी गोष्ट तपासली. त्या वेळच्या पहिल्या चार व्यावसायिक सर्च इंजिनांना त्यांचंच नाव विचारायचं आणि पहिल्या दहा उत्तरांत त्यांचं स्वतःचं पान येतं का, ते पाहायचं. चारांपैकी एकच इंजिन पास झालं. बाकीच्या तिघांना स्वतःचा पत्ता सांगता आला नाही. सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी ही नोंद १९९८ साली ब्रिस्बेनच्या परिषदेत मांडलेल्या निबंधात केली. त्याच निबंधात त्यांनी स्वतः बांधलेल्या इंजिनाची रचना समजावून सांगितली होती. त्याचं नाव गूगल.

जुनी इंजिनं संथ नव्हती. डिसेंबर १९९५ मध्ये सुरू झालेलं अल्टाव्हिस्टा तर वेगासाठी नावाजलेलं होतं. अडचण अशी, की पान चांगलं की टाकाऊ हे ठरवायला त्यांच्याकडे पानावरच्या मजकुराखेरीज फारसं काही नव्हतं. विचारलेला शब्द किती वेळा आला, शीर्षकात आला का, वरच्या ओळींत आला की तळाशी, यावरून ती क्रम लावत. ही पद्धत ग्रंथालयांच्या आणि वृत्तसंग्रहांच्या संगणकांसाठी घडली होती. तिथे ती उत्तम चाले, कारण संग्रहातल्या लेखाला आपण सर्वांत आधी सापडावं अशी काही निकड नसते. वेबवरच्या पानामागे मात्र माणूस असतो, बऱ्याचदा दुकान असतं. एकच शब्द शंभरदा लिहिला की पान वर सरकतं, हे लोकांच्या लगेच ध्यानात आलं. पांढऱ्या पानावर पांढऱ्याच अक्षरांत शब्दांच्या रांगा भरल्या जाऊ लागल्या. वाचणाऱ्याला त्या दिसत नसत, यंत्राला दिसत. दुसरीकडे याहू होतं. जेरी यांग आणि डेव्हिड फायलो यांनी १९९४ मध्ये सुरू केलेल्या त्या सूचीत माणसं स्वतः संकेतस्थळं पाहून ती विषयवार लावत. निवड चांगली असे, पण वेब ज्या वेगाने फुगत होतं त्या वेगाने माणसं वाचू शकत नव्हती.

म्हणजे पारख माणसाचीच हवी होती, पण ती कोट्यवधी पानांना पुरेल इतकी हवी होती. ती पारख आधीच वेबवर लिहून ठेवलेली आहे, हे ज्यांना दिसलं त्यांनी पुढचा इतिहास घडवला. एखादा माणूस आपल्या पानावर दुसऱ्या पानाचा दुवा देतो, तेव्हा तो न बोलता सांगत असतो, की हे वाचण्याजोगं आहे, मी वाचलंय, तुम्हीही वाचा. त्यासाठी त्याला कोणी विचारलेलं नसतं, पैसेही दिलेले नसतात. निदान सुरुवातीच्या वेबवर नसत. अशा कोट्यवधी निवाड्यांची बेरीज करता आली, तर कोणत्याही संपादक मंडळाला जमणार नाही असं काम होतं.

बेरीज करण्यात एक अडचण वेबच्या रचनेतच होती. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सर्न या प्रयोगशाळेत वेबची कल्पना मांडली, तेव्हा दुवा एकतर्फी ठेवला. दुवा द्यायला समोरच्याची परवानगी लागत नाही, त्याला ते कळतही नाही. वेब इतकं झपाट्याने पसरलं याचं हे एक मोठं कारण आहे. पण त्यामुळे माझ्या पानावरून कोणाकडे जाता येतं ते दिसतं, माझ्याकडे कोण कोण बोट दाखवतं ते कुठेच लिहिलेलं नसतं. ते जाणून घ्यायचं तर सगळं वेब फिरून, प्रत्येक दुवा नोंदवून, मग ती नोंदवही उलटी लावायला हवी. पेज यांनी मार्च १९९६ मध्ये नेमकं हेच सुरू केलं. स्टॅनफर्डमधल्या आपल्या पानापासून त्यांनी दुव्यांमागून दुवे पकडत जाणारा प्रोग्राम सोडला. मागे येणारे दुवे शोधणारा म्हणून त्या प्रकल्पाचं नाव बॅकरब होतं. १९९८ च्या निबंधापर्यंत त्यांच्याकडे २ कोटी ४० लाख पानं आणि ५१ कोटींहून अधिक दुवे जमले होते.

ही दृष्टी एकट्या स्टॅनफर्डची नव्हती. इटलीत पादोवाला मास्सिमो मार्कियोरी १९९७ मध्ये दुव्यांवरून शोध सुधारण्याची पद्धत मांडत होते. अमेरिकेत नोकरी करणाऱ्या रॉबिन ली यांनी १९९६ मध्येच रँकडेक्स हे दुव्यांवर चालणारं इंजिन बनवलं होतं. पुढे २००० मध्ये चीनला परतून त्यांनी बायडू काढली. मुळं तर आणखी खोल आहेत. युजीन गारफील्ड यांनी १९६४ मध्ये सायन्स सायटेशन इंडेक्स छापायला घेतला, तो कोणत्या शोधनिबंधाचा आधार पुढे कोणकोणत्या निबंधांनी घेतला हे शोधता यावं म्हणून; किती जणांनी घेतला हे मोजणंही त्यामुळे शक्य झालं. १९७६ मध्ये गॅब्रिएल पिन्स्की आणि फ्रान्सिस नारिन यांनी त्यात महत्त्वाची दुरुस्ती सुचवली. आधार किती जणांनी घेतला एवढंच पाहू नका, कोणी घेतला तेही पाहा. नामांकित नियतकालिकाने घेतलेली दखल जास्त वजनाची धरा, आणि ते नियतकालिक नामांकित आहे हे त्याची दखल कोणी घेतली त्यावरून ठरवा. त्याहीआधी, १८९५ मध्ये, एडमुंड लांडाऊ या अठरा वर्षांच्या जर्मन तरुणाने बुद्धिबळाच्या स्पर्धांबद्दल हाच प्रश्न विचारला होता. बलवान खेळाडूला हरवलं तर गुण जास्त मिळायला हवेत, पण बलवान कोण हे तर गुणांवरूनच ठरणार!

हे वर्तुळ पाहिलं की पहिल्यांदा वाटतं, यातून सुटका नाही. माझं महत्त्व तुझ्यावर अवलंबून, तुझं त्याच्यावर आणि त्याचं पुन्हा माझ्यावर. गणित यातून वाट काढतं ती मला फार सुंदर वाटते, आणि ती पाहायला कागद-पेन्सिल पुरते.

समजा, एका गडाबद्दल वेबवर तीनच पानं आहेत: एक इतिहासाचं, एक नकाशाचं, एक छायाचित्रांचं. इतिहासाच्या पानावरून नकाशाकडे दुवा आहे. नकाशाच्या पानावरून दोन दुवे निघतात, एक छायाचित्रांकडे आणि एक इतिहासाकडे. छायाचित्रांच्या पानावरून फक्त इतिहासाकडे दुवा आहे. आता ६० गुण घ्या आणि कोण मोठं, कोण लहान हे माहीत नाही असं धरून प्रत्येकाला २० द्या. नियम एकच. प्रत्येक फेरीत प्रत्येक पानाने आपले सगळे गुण आपण दुवे दिलेल्या पानांत सारखे वाटून टाकायचे.

पहिल्या फेरीत इतिहासाचे २० नकाशाकडे जातात. नकाशाचे २० दोन ठिकाणी दहा-दहा होतात. छायाचित्रांचे २० इतिहासाकडे येतात. फेरीअखेर नकाशा २०, छायाचित्रं १० आणि इतिहास ३०. पुन्हा वाटा: नकाशा ३०, छायाचित्रं १०, इतिहास २०. पुन्हा: २०, १५, २५. पुन्हा: २५, १०, २५. आकडे वरखाली होतात, पण झोके लहान होत जातात. असंच पुढे करत राहिलात तर ते २४, १२ आणि २४ यांच्यावर येऊन स्थिरावतात. हे गुण वाटून पाहा: इतिहासाचे २४ नकाशाला, नकाशाचे बारा-बारा दोघांना, छायाचित्रांचे १२ इतिहासाला. फेरीअखेर पुन्हा २४, १२, २४. हेच त्या वर्तुळातलं उत्तर. सुरुवातीला २०-२०-२० ऐवजी बेरीज ६० होईल असे दुसरे कोणतेही आकडे घेतले असते, तरी शेवट इथेच झाला असता.

या आकड्यांतली एक गोष्ट नीट पाहावी. नकाशाकडे येणारा दुवा एकच आहे, छायाचित्रांकडे येणाराही एकच. तरी नकाशाचे गुण दुप्पट. कारण नकाशाकडे बोट दाखवणारं इतिहासाचं पान स्वतः वजनदार आहे, आणि ते आपलं सगळं वजन एकाच दुव्यावर टाकतं. छायाचित्रांना मिळालेली शिफारस दोघांत वाटली गेलेली आहे. नुसत्या बेरजेला हा फरक दिसला नसता. पेजरँक म्हणतात तो हाच हिशेब. तीन पानांऐवजी कोट्यवधी पानं घ्यायची, इतकंच.

इतकंच, पण अगदीच इतकंच नाही. खऱ्या वेबवर असंख्य पानांवरून बाहेर एकही दुवा नसतो. गुण तिथे पोचतात आणि थांबतात. त्याहून वाईट म्हणजे दोन पानं फक्त एकमेकांनाच दुवा देत असतील, तर बाहेरून आलेले गुण त्या दोघांत अडकतात आणि फेरी-फेरीने सगळ्या वेबचे गुण तिकडे ओढले जातात. यावरचा उपाय समजावताना ब्रिन आणि पेज यांनी एक काल्पनिक भटक्या उभा केला. तो एका पानावरून कोणताही एक दुवा उचलून दुसऱ्या पानावर जातो, तिथून तिसऱ्या. अधूनमधून त्याला कंटाळा येतो, मग दुवे सोडून तो वेबवरच्या कोणत्याही पानावर उडी मारतो आणि तिथून नव्याने भटकायला लागतो. दर पावलाला दुवा धरण्याची शक्यता साधारण ८५ टक्के, उडीची १५ टक्के. म्हणजे सरासरी सहा-सात पानं पाहिली की उडी. असा भटक्या वर्षानुवर्षं फिरत राहिला, तर एकूण वेळातला किती वाटा तो कोणत्या पानावर काढेल? तो वाटा म्हणजे त्या पानाचा पेजरँक.

अशा भटकंतीचं गणित रशियात आंद्रेई मार्कोव्ह यांनी १९०६ पासून मांडलं होतं. ते १९१३ मध्ये त्यांनी पुश्किनच्या ‘येवगेनी ओनेगिन’मधल्या स्वरव्यंजनांच्या साखळीला लावून दाखवलं होतं. आणि १५ टक्क्यांच्या उडीमुळे कोणत्याही पानावरून कोणत्याही पानावर जाण्याची शक्यता शून्य राहत नाही, म्हणून ऑस्कर पेरॉन यांचा १९०७ चा सिद्धांत लागू होतो. त्याप्रमाणे उत्तर एकच असतं आणि फेऱ्या करत गेलं की तिथे पोचतंच. किती फेऱ्या? दर फेरीला चूक आधीच्या फार तर ०.८५ पट उरते. पन्नास फेऱ्यांनंतर ती दहा हजारांत तिनावर येते. पेज, ब्रिन, राजीव मोटवानी आणि टेरी विनोग्राड यांच्या अहवालात ३२ कोटी २० लाख दुव्यांचा हिशेब ५२ फेऱ्यांत पुरेसा स्थिर झाल्याची नोंद आहे. जम्मूत जन्मलेले, आयआयटी कानपूरमधून शिकलेले मोटवानी त्या वेळी स्टॅनफर्डमध्ये प्राध्यापक होते. त्या अवाढव्य हिशेबाला लागणारी गणिताची शिस्त अशा माणसांच्या सहवासातून आली.

पानाचं वजन कळलं तरी ते पान कशाबद्दल आहे हे कळायला हवं. तिथेही दुवाच कामी आला. दुवा देणारा ज्या शब्दांवर तो चढवतो ते शब्द समोरच्या पानाचं वर्णन असतात, आणि बऱ्याचदा ते पान स्वतःबद्दल जे सांगतं त्याहून खरं असतं. म्हणून गूगलने ते शब्द दुवा देणाऱ्या पानाबरोबरच दुवा मिळालेल्या पानाच्या खात्यावरही जमा केले. ज्यात मजकूरच नाही अशी चित्रंसुद्धा त्यामुळे शोधात सापडू लागली.

याच सुमारास जॉन क्लाइनबर्ग दुसऱ्या वाटेने चालले होते. त्यांचं काम आयबीएमच्या कॅलिफोर्नियातल्या अल्माडेन प्रयोगशाळेत आणि कॉर्नेल विद्यापीठात झालं. त्यांचं निरीक्षण मला पेजरँकपेक्षाही मार्मिक वाटतं. मोटारी बनवणाऱ्या कंपन्या शोधायच्या आहेत असं समजा. होंडाच्या किंवा टोयोटाच्या मुखपृष्ठावर ‘मोटार उत्पादक’ हे शब्द असतीलच असं नाही. आणि होंडा टोयोटाला दुवा देईल, हे तर घडायचंच नाही. स्पर्धक एकमेकांची शिफारस करत नाहीत. मग हे सगळे एका विषयातले मातब्बर आहेत हे यंत्राला कोण सांगणार? ते सांगतो तिसराच कोणीतरी: मोटारींची आवड असलेला एखादा माणूस, ज्याने आपल्या पानावर सगळ्या कंपन्यांच्या दुव्यांची यादी करून ठेवली आहे. त्याच्या पानावर स्वतःची माहिती थोडीच असते, पण जायचं कुठे हे तो अचूक सांगतो.

क्लाइनबर्ग यांनी म्हणून प्रत्येक पानाला दोन वेगळे गुण दिले, एक जाणकारीचा आणि एक वाटाडेपणाचा. चांगले वाटाडे ज्याच्याकडे पाठवतात ते पान जाणकार. चांगल्या जाणकारांकडे जो पाठवतो तो चांगला वाटाड्या. पुन्हा तेच वर्तुळ आणि पुन्हा फेऱ्या करत स्थिरावणारे आकडे. फरक असा, की पेजरँक सगळ्या वेबचा हिशेब आधीच करून ठेवतो. क्लाइनबर्ग यांची पद्धत प्रश्न आल्यावर सुरू होते. साध्या शब्दशोधाने मिळालेली दोनेकशे पानं घ्यायची, त्यांना दुवे देणारी आणि त्यांच्याकडून दुवे मिळालेली पानं जोडून हजार ते पाच हजारांचा गोतावळा करायचा आणि त्या गोतावळ्यातच गुण मोजायचे. विषयाची नस त्यामुळे जास्त नेमकी पकडली जाते. पण प्रत्येक प्रश्नाला इतकं काम करणं महाग पडतं, आणि गोतावळ्यात शेजारचा एखादा लोकप्रिय विषय घुसला की उत्तरं तिकडे वाहवत जातात.

ती वाहवण रोखण्याचं काम अल्माडेनच्या क्लेव्हर प्रकल्पात झालं. प्रभाकर राघवन यांच्याबरोबर त्यात सौमेन चक्रवर्ती होते. दुव्याच्या आजूबाजूचा मजकूर प्रश्नाशी जुळतो का हे पाहून त्या दुव्याचं वजन वाढवायचं, ही सुधारणा या गटाच्या १९९८ च्या निबंधात आहे. चक्रवर्ती नंतर पवईच्या आयआयटीत प्राध्यापक झाले, आणि त्यांचं ‘मायनिंग द वेब’ हे पुस्तक या विषयाचं पाठ्यपुस्तक ठरलं. १९९८ मध्येच कृष्ण भरत आणि मोनिका हेन्झिंगर यांनी आणखी एक साधी, पण मोठी गोष्ट दाखवली. एकाच संकेतस्थळावरच्या शंभर पानांनी एकाच पानाला दुवा दिला असेल, तर ती शंभर माणसांची शिफारस नव्हे. बहुतेकदा ते एकाच हाताने केलेलं काम असतं. अशा शंभरांना मिळून एका शिफारशीचं वजन द्यावं. पान आणि संकेतस्थळ या दोन वेगळ्या पातळ्यांवर विचार करायला हवा तो यासाठीच. पानावर मजकूर असतो, पण मत असतं ते संकेतस्थळ चालवणाऱ्याचं.

गूगलचं यश दिसू लागलं आणि दुव्याचा स्वभाव बदलायला लागला. जोवर दुवा कोणी मोजत नव्हतं तोवर तो मनापासून दिलेला होता. मोजला जातो म्हटल्यावर त्याला भाव आला आणि भाव आला की बाजार येतो. एकमेकांना दुवे देण्यासाठीच उभारलेली हजारो पोकळ संकेतस्थळं आली, दुवे विकणारे दलाल आले. काहींनी गंमत म्हणून, काहींनी राग काढण्यासाठी हे शस्त्र वापरलं. २००३ मध्ये अनेकांनी ठरवून ‘दयनीय अपयश’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांवर जॉर्ज बुश यांच्या सरकारी चरित्राचा दुवा चढवला. मग ते शब्द शोधणाऱ्याला पहिलं उत्तर अमेरिकेच्या अध्यक्षांचं मिळू लागलं, त्या पानावर ते शब्द नसतानाही. गूगलने यावर सरसकट तोडगा काढला तो जानेवारी २००७ मध्ये.

व्यापारातलं प्रकरण जास्त बोलकं आहे. फेब्रुवारी २०११ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने दाखवून दिलं, की जेसी पेनी ही अमेरिकन दुकानांची साखळी सणासुदीच्या महिन्यांत कपड्यांपासून चटयांपर्यंत असंख्य शब्दांच्या शोधात पहिली येत होती. कारण तिच्याकडे दोन हजारांहून अधिक असंबद्ध पानांवरून दुवे लावलेले होते. कंपनीने आपल्याला हे ठाऊक नसल्याचं सांगून शोधासाठी नेमलेल्या सल्लागारांना काढून टाकलं. गूगलने हस्तक्षेप केला आणि पहिल्या जागी असलेली पानं काही दिवसांत कित्येक पानं मागे गेली. पुढच्या वर्षी, २४ एप्रिल २०१२ ला, पेंग्विन नावाचा बदल करून गूगलने विकतच्या दुव्यांवर यंत्रामार्फतच कारवाई सुरू केली. त्याआधी जानेवारी २००५ मध्ये गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून नोफॉलो ही खूण आणली होती. दुवा द्यायचा आहे, पण शिफारस करायची नाही, असं त्यामुळे यंत्राला सांगता येतं. २००७ मध्ये इंग्रजी विकिपीडियाने बाहेर जाणाऱ्या सगळ्या दुव्यांना ती लावून टाकली. फुकट्या दुव्यांसाठी होणारी घुसखोरी आवरावी हा त्यामागचा हेतू होता. पण हजारो संपादकांनी पारखून दिलेले संदर्भही त्याबरोबर गप्प झाले. याचं मला आजही वाईट वाटतं. २०१९ पासून गूगल ती खूण हुकूम न मानता सूचना म्हणून वापरतं, हे त्यातल्या त्यात बरं.

भामट्यांविरुद्धचा मला सर्वांत आवडलेला उपाय मात्र त्या भटक्याच्या उडीतून निघाला. उडी कुठेही मारायची, असं मूळ गणितात होतं. पण ती ठरावीक पानांवरच मारायला लावली तर? पेज आणि ब्रिन यांच्या अहवालातच हा प्रयोग आहे. भटक्याने कंटाळल्यावर दर वेळी संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी यांच्या पानावर परतायचं. तसं केल्यावर स्टॅनफर्डच्या संगणकशास्त्र विभागाची पानं वर आली. सगळं वेब एका माणसाच्या उंबरठ्यावर उभं राहून पाहिल्यासारखं झालं. २००२ मध्ये तहेर हवेलीवाला यांनी हीच कल्पना विषयांना लावली: खेळाविषयीचा प्रश्न असेल तर उड्या खेळाच्या पानांवर. आणि २००४ मध्ये झोल्टान ग्योंग्यी, हेक्टर गार्सिया-मोलिना आणि यान पेडरसन यांनी ती विश्वासाला लावली. जाणत्या माणसांनी तपासून काही संकेतस्थळं निवडायची, उडी फक्त त्यांच्यावर, आणि तिथून दुव्यांच्या वाटेने विश्वास पाझरू द्यायचा. चांगली संकेतस्थळं भामट्यांना सहसा दुवा देत नाहीत, म्हणून पोकळ वस्त्यांपर्यंत विश्वास पोचतच नाही. दोनशेहून कमी संकेतस्थळांच्या निवडीवरून वेबच्या मोठ्या भागातली भामटेगिरी गाळता येते, असं त्यांना दिसलं. म्हणजे याहूच्या त्या वाचणाऱ्या माणसांना पुन्हा जागा मिळाली. आता ती सगळं वेब वाचत नव्हती; पहिली काही घरं सांगत होती, आणि पुढचं काम गणित करत होतं.

पण मनापासून दिलेल्या दुव्यांतही एक तिरकेपणा असतो. जे पान वर दिसतं तेच लोक वाचतात, जे वाचतात त्यालाच दुवा देतात, आणि त्या दुव्यांनी ते आणखी वर जातं. अल्बर्ट-लास्लो बाराबासी आणि रेका अल्बर्ट यांनी १९९९ मध्ये वेबच्या वाढीचं हे सूत्र मांडलं. ज्याच्याकडे दुवे आहेत त्याच्याकडेच नवे येतात. ज्याला कोणीच दुवा दिलेला नाही, त्या नव्या पानाच्या वाट्याला फक्त उडीतला आपला हिस्सा येतो. कोट्यवधी पानांत तो नगण्य.

इथे आल्यावर मराठीचा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही. मराठी वेबची पहिली वर्षं आपापल्या खास फॉन्टमध्ये गेली. कित्येक वृत्तपत्रांची पानं पडद्यावर देवनागरी दिसत, पण आत रोमन चिन्हांचा गोंधळ असे, आणि सर्च इंजिनाला तो गोंधळच दिसे. युनिकोड रुजल्यावर मजकूर शोधता येऊ लागला. १ मे २००३ ला सुरू झालेला मराठी विकिपीडिया त्या बदलाच्या आघाडीवर होता. मात्र मजकूर आला तसे दुवे आले नाहीत. मराठी पानांवरून इंग्रजी पानांकडे दुवे जातात, उलट दिशेने क्वचित येतात. त्या भटक्याला मराठीतून बाहेर पडायला वाटा आहेत, आत यायला फार थोड्या. मराठी पानांच्या आपापसातल्या वाटाही विरळ. आवडलेला लेख आपण अख्खा उचलून व्हॉट्सॲपवर पाठवतो, बऱ्याचदा लेखकाचं नाव गाळून. पाठवणाऱ्याच्या मनात शिफारस असते, ती मनापासूनही असते. पण बंद गटातला तो निरोप कोणत्याही इंजिनाला दिसत नाही, आणि मूळ पानाच्या खात्यावर काहीच जमा होत नाही. दुर्गभ्रमणावर, पिकांच्या रोगांवर, जुन्या नाटकांवर मराठीत अप्रतिम लिहिणारी माणसं आहेत. त्यांच्या पानांना दुवा देणारं कोणी नसलं, की इंजिनाला संकेतस्थळाच्या एकूण नावावर आणि इतर खुणांवर विसंबावं लागतं. मग मोठ्या वृत्तसमूहाचं तीन परिच्छेदांचं पान त्यांच्या वर बसतं.

आज क्रम लावताना दुव्यांखेरीज कितीतरी गोष्टी पाहिल्या जातात. २०१९ पासून गूगल वाक्याचा अर्थ उमगणारी बर्टसारखी भाषा-प्रारूपंही वापरतं. पेजरँकचं पेटंट स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या नावावर होतं. त्याचीही मुदत आता संपली आहे. यावरून दुव्यांचे दिवस गेले असं वाटेल. पण ही प्रारूपं काय वाचून शिकतात ते पाहा. ओपनएआयने २०१९ मध्ये जीपीटी-२ तयार केलं, तेव्हा वेबवरचं चांगलं लेखन कसं निवडायचं हा प्रश्न त्यांनाही पडला. उत्तर सापडलं दुव्यांतच. रेडिट या चर्चास्थळावर लोकांनी दिलेले आणि इतर वाचकांकडून किमान तीन गुण मिळालेले दुवे तेवढे घ्यायचे. अशा साडेचार कोटी दुव्यांमधून ८० लाखांवर मजकूर निवडले गेले. इंग्रजीबाहेरची पानं त्यातून मुद्दाम वगळली होती.

त्यानंतरच्या प्रारूपांना कॉमन क्रॉल या ना-नफा संस्थेचा वेबसंग्रह मोठ्या प्रमाणावर पुरवला जातो. सगळं वेब उतरवून घेणं त्या संस्थेलाही शक्य नाही. आधी कोणती संकेतस्थळं घ्यायची हे ठरवताना ती हार्मोनिक सेंट्रॅलिटी नावाचं माप वापरते. दुव्यांच्या वाटेने इतर संकेतस्थळांपासून तुम्ही किती पावलांवर आहात, यावर ते माप बेतलेलं आहे. कोणी दुवा न दिलेलं मराठी संकेतस्थळ तिथेही रांगेत मागेच उभं राहतं, आणि यंत्र शिकतं ते त्याच्याशिवाय.

हा संग्रह आणि त्यातला दुव्यांचा आलेख कोणालाही फुकट उतरवून घेता येतो. कोणतं पान कोणत्या भाषेत आहे याची नोंदही त्यात असते. म्हणजे मराठी संकेतस्थळं वेगळी काढून त्यांच्यात आपापसात दुवे किती आहेत, बाहेर किती जातात आणि आत किती येतात, हे बघता येईल. कोणती चांगली पानं एकाही दुव्याशिवाय पडून आहेत, हेही. पुण्या-मुंबईतल्या एखाद्या महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांच्या गटाला एका सत्रात झेपेल असं हे काम आहे, आणि त्यातून निघणारी दुवा नसलेल्या पानांची यादी कोणीतरी दुव्यांसकट छापायला हवी.